वायरीवर शीतसंस्कार

६ फेब्रुवारी

आज घरात एक फ्यूज आला. मखमली डबीत! माझी लग्नाची अंगठी कागदाच्या पुडीतून आली होती.

फ्यूज म्हणजे काय, तर बोटाच्या पेराएवढी काचेची नळी आणि आत केसाएवढी तार. वीज जास्त आली की तार जळते, मशीन वाचतं. आयुष्यात एकदाच काम करायचं, तेही मरून. पण हा तसला साधासुधा फ्यूज नाही म्हणे. याला द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून काढलाय — उणे एकशे शहाण्णव अंश. त्यामुळे तारेतले कण शिस्तीत बसतात आणि गाणं ‘मोकळं होतं’.

नवऱ्याने हातमोजे घालून, चिमट्याने तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बसवला. पोरीला पहिल्यांदा उचललं तेव्हा इतका जपला नव्हता. मग रेकॉर्ड लावली. स्वतः खुर्चीत बसायचं सोडून दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळला.

“तुला काही वाटतं?”

“वाटतं ना. लाज.”

मग मी सुरूच झाले. म्हटलं, अरे बाबा, वीज येते धरणावरून. मधे कोसच्या कोस तारा, त्यांच्यावर कावळे. मग खालचं गंजकं मीटर. मग भिंतीतली वायर, जिला उंदराने एकदा चावून सोडलंय. यातलं काहीच गोठवलं नाही. शेवटचं इंचभर गोठवलं आणि गाणं सुधारलं?

“शेवटचं इंचच महत्त्वाचं असतं,” म्हणाला. पण पाठ केलेल्या धड्यासारखं.

७ फेब्रुवारी

फ्यूज जैसे थे. गाणं जैसे थे. नवरा जैसे थे.

१० फेब्रुवारी

थंडोबाबद्दल लिहून ठेवते, नाहीतर पुढे मलाच खरं वाटायचं नाही.

थंडोबा हे मी ठेवलेलं नाव. माणूस गोल, गुळगुळीत, बोलणं लोण्यासारखं. आइस्क्रीमच्या दुकानावर पोटमाळा आहे, तिथे त्याने पाटी लावलीय — ‘शीतसंस्कार’. लोक आपापल्या गाण्याच्या मशीनच्या वायरी, प्लग, फ्यूज आणून देतात. हा ते गोठवतो आणि आठवड्याने परत देतो. वायर दिसायला तीच, वजनाला तीच. फक्त आता तिच्यावर संस्कार झालेले असतात! आमच्या पोरीवर करायला आम्हाला वेळ मिळाला नाही. वायरीचं नशीब.

नवऱ्याला तिथे नेलं दातकाकांनी. दातकाका म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र, दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्याच्या दाढेत ड्रिल घालून बसायचं आणि संध्याकाळी ‘गाण्यातली शांतता’ शोधायची. यांचं बरं आहे.

नवरा तसा शहाणा होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत. मशीन होतं, रेकॉर्डी होत्या, संध्याकाळी ऐकायचा आणि जेवायला यायचा. मग काय चावलं कोण जाणे. आधी स्पीकरखाली दगडी लाद्या आल्या. मग भिंतीवर गाद्या — पाहुणे विचारतात, घरात कोणाला फिट येते का. मग जाड वायरी, मग त्याहून जाड. प्रत्येक वस्तू आली की तोच प्रश्न — “तुला काही वाटतं?” आणि माझं तेच उत्तर. नाही. मला काही फरक कळत नाही, कारण फरक नाहीच आहे!

आज थंडोबा घरी आला होता, स्पीकरच्या वायरी न्यायला. मला म्हणाला, “वहिनी, तुम्ही तर विज्ञानातल्या. लेथची पाती गोठवतात की नाही? दुप्पट टिकतात.”

हे मात्र खरं आहे. मी मान्य केलं. पोलाद खूप गार केलं की त्याच्या आतली रचना बदलते, ते कडक होतं. “पण पात्याने लोखंड कापायचं असतं,” म्हटलं. “तुमची वायर काय कापणार आहे? आणि तांबं म्हणजे पोलाद नव्हे. खोलीत आणलं की होतं तसं.”

“तांब्यालाही स्मरणशक्ती असते, वहिनी.”

मग त्याला विचारा, गेल्या वर्षी ते कुठे होतं? — हे मी मनात म्हटलं असं मला वाटलं. नवऱ्याचा चेहरा बघता मोठ्याने म्हटलं असावं.

१५ फेब्रुवारी

कमाल झाली. थंडोबा माझ्या कामावर आला!

मी काय काम करते असं कोणी विचारलं की नवरा खोकतो. लपवण्यासारखं काय आहे त्यात? आम्ही वळूंचं वीर्य गोठवतो. बारीक कांड्यांमध्ये भरायचं, नायट्रोजनच्या टाकीत ठेवायचं, गावोगावच्या गाईंना पाठवायचं. वळू कधीचा मेलेला असतो, त्याची वासरं अजून जन्मतायत. त्या टाक्या माझ्या ताब्यात. तेव्हा उणे एकशे शहाण्णव म्हणजे काय, हे मला कोणी सांगू नये.

तर हा पिशवी घेऊन दारात. शेजारच्या खोलीत नायट्रोजन बनवायचं यंत्र धडधडत असतं, त्यामुळे त्याला सगळं ओरडून सांगावं लागलं. लोण्याची पार ताकाची धार झाली!

“एकच रात्र, वहिनी! टाकीच्या कोपऱ्यात! कुणाला कळणारही नाही!”

“या टाकीत हजारो वासरांचे बाप आहेत. त्यांच्यात तुमची वायर सोडू?”

त्याने टाकीकडे आदराने पाहिलं. “उलट चांगलंच. जिवंत ऊर्जा.”

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग विचारलं, “पण तुमची स्वतःची सोय आहे ना? मग माझी टाकी कशाला?” त्यावर प्रक्रिया गुप्त आहे, मागणी वाढलीय, असलं काहीबाही. आणि जाता जाता म्हणाला, “तुमच्या मिस्टरांनी शब्द दिलाय म्हणून आलो.”

माझं हसू तिथेच थिजलं.

झाकण उगीच उघडं राहिलं तर कांड्या खराब होतात. बाहेरची वस्तू टाकीत सापडली तर माझी नोकरी जाते. हे नवऱ्याला माहीत आहे. चांगलं माहीत आहे.

१६ फेब्रुवारी

भांडण.

“तू शब्द दिलास?”

“विचारून बघतो एवढंच म्हणालो.”

“माझी नोकरी घालवायला निघालास एका वायरीपायी?”

त्यावर तो काहीतरी पुटपुटला. हल्ली हा तोंडातल्या तोंडात बोलतो. दोषी माणसाची खूण! मी म्हटलं, स्पष्ट बोल. तर एकदम ओरडला — “मला फक्त ते नीट करायचंय!”

“काय नीट करायचंय? काय बिघडलंय?”

मग चप्पल घालून बाहेर गेला.

१७ फेब्रुवारी

अबोला. फायदा — घरात शांतता. तोटा — त्या शांततेत त्याचं गाणं.

२१ फेब्रुवारी

पोरगी आली सुट्टीला. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते, खालच्या वर्गांना शिकवतेही. आल्या आल्या फ्यूजची डबी पाहून म्हणाली, “आई, बाबांनी तुला मागणी घातली का पुन्हा?”

दोन्ही बाजूंची कैफियत ऐकून घेतली तिने. माझी स्वयंपाकघरात, त्याची गाद्यांच्या खोलीत. मग आम्हाला समोरासमोर बसवलं.

“भांडता कशाला? परीक्षा घेऊ. मशीन पडद्याआड, स्पीकर बाहेर. एक वायर गोठवलेली, एक तशीच नवी. तेच गाणं दोनदा लावायचं. मधे वायर बदलली की नाही, ते नाणं उडवून मी ठरवणार. तुम्ही नुसतं लिहायचं — फरक की नाही.”

मी लगेच तयार. अट घातली — कुणालाच फरक कळला नाही, तर गोठवलेलं सगळं घराबाहेर आणि नायट्रोजनचं नाव काढायचं नाही. “आणि कळला तर?” पोरीने विचारलं. मी जोशात होते. “कळला तर मी स्वतः वायर टाकीत बुडवून आणेन. गेली नोकरी तर गेली!”

नवरा एवढंच म्हणाला — “तूही बसायचंस. ऐकायला.”

“मी कशाला? मला काय कळतंय तुमच्यातलं?”

“तू बसलीस तर मी निकाल मानेन.”

बसते की! हरताना जवळून बघायला मिळेल.

२५ फेब्रुवारी

तयारी. दातकाकांनी तशीच एक न गोठवलेली वायर दिली. पडदा म्हणून जुनी चादर. पोरीला मी दम दिलाय, कामावर नव्या माणसाला देते तसा — कंट्रोलशिवाय परीक्षा नाही. म्हणजे एखाददुसरी फेरी अशी ठेवायची, जिचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. जिथे फरक आहेच, धडधडीत आहे. तोही ओळखता आला नाही तर समजायचं, ऐकणारा झोपलाय आणि त्याच्या बाकीच्या उत्तरांना काडीची किंमत नाही.

“कधी ठेवशील, कसा ठेवशील, मलाही सांगू नकोस,” म्हटलं.

“तुलाही?”

“मलाही. नियम म्हणजे नियम.”

२६ फेब्रुवारी

आज दुपारी परीक्षा झाली. काय ती गंमत! सगळं लिहिते.

थंडोबा स्वतःची उशी घेऊन आला होता, पाठीला. दातकाका डोळे मिटून, हात पोटावर ठेवून बसले — त्यांचे रुग्ण बसतात ना, अगदी तसे. नवरा मधल्या खुर्चीत. त्याच्या शेजारी मी. या खोलीत बऱ्याच दिवसांनी बसले, गाद्या जवळून आणखीच भयानक दिसतात.

पोरगी पडद्याआडून ओरडायची, “फेरी पहिली — अ! आता — ब!” तीच बाई तीच ओळ पुन्हा गायची. बिचारी दमली असेल. मग पेन्सिलींची खसखस. दातकाका तर निबंधच लिहीत होते. थंडोबा प्रत्येक वेळी मान डोलवायचा आणि पडद्याखालून काही दिसतंय का ते बघायचा. मी प्रत्येक फेरीला ‘नाही’ लिहून मोकळी. दहाच्या दहा.

मधे एकदा तिघेही एकदम सावरून बसले. नंतर आणखी एकदा. नवऱ्याने तर चमकून माझ्याकडे पाहिलं. मी ढिम्म. म्हटलं, बसा नाटकं करत.

मग पोरीने निकाल वाचला.

दातकाकांना प्रत्येक फेरीत फरक कळला होता! वायर बदललीच नव्हती तिथेसुद्धा. शेजारी वर्णनं — ‘जणू खिडकी उघडली’, ‘बाईंचा श्वास जाणवला’. खिडकी कुणी उघडली नव्हती, वायर तीच होती आणि बाईंना जाऊन बरीच वर्षं झालीत. थंडोबाचं निम्मं बरोबर, निम्मं चूक. “नाण्यालाही एवढं जमतं,” पोरगी म्हणाली. माझी गुणी लेक!

थंडोबाचं सुरू झालं. पडद्याने ऊर्जा अडते. चादर सुती हवी होती. खोलीत संशय असला की वायर आक्रसते — हे माझ्याकडे बघत. आणि मग त्या भरात म्हणाला, “आणि तसं साध्या फ्रीझरमध्येही थोडेफार संस्कार होतातच.”

दातकाकांनी डोळे उघडले. “कुठल्या फ्रीझरमध्ये?”

“म्हणजे... एक सर्वसाधारण...”

“खालच्या आइस्क्रीमवाल्याच्या?”

थंडोबाने उशी उचलली. दातकाका त्याच्यामागे जिना उतरत गेले, खालपर्यंत त्यांचा आवाज येत होता. म्हणजे इतके दिवस तो नायट्रोजन वगैरे काही नव्हताच! वायरी आइस्क्रीमच्या डब्यांमागे पडून होत्या. म्हणूनच माझ्या टाकीवर डोळा. निदान एकदा तरी खरं बोलायची इच्छा झाली असेल गड्याला.

जिंकले! पूर्ण जिंकले! संध्याकाळभर घरात नाचत होते.

नवऱ्याने काही वाद घातला नाही. पडदा काढला, घडी घातली. मला वाटलं होतं, तो चिडेल.

२७ फेब्रुवारी

नवरा कामावर गेल्यावर पोरगी स्वयंपाकघरात आली. दार लावलं.

“आई, काल मी कंट्रोलबद्दल सांगितलं नाही सगळ्यांसमोर.”

“अगं हो, राहिलंच की. काय केलं होतंस?”

“चौथ्या आणि सातव्या फेरीत वायर तीच ठेवली. ब वाजवताना ट्रेबलचं बटण पार खाली केलं. बारीक, वरचे सगळे आवाज गायब. लहान मुलालाही कळलं असतं.” तिने कागद ओट्यावर मांडले. “बाबांनी दोन्ही ठिकाणी ‘फरक’ लिहिलंय. दातकाकांनीही. थंडोबाने तर लिहिलंय, ‘कोणी दार लावलं?’”

चौथा कागद माझा.

मी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. मी दमले होते. मी आधीच ठरवून बसले होते. तिने कागद गोळा केले. मग म्हणाली, “आई, मी आल्यापासून तू मला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायला लावतेस.”

“तुम्ही पोरं हल्ली ओठातल्या ओठात बोलता!”

“मी वर्गात शिकवते, आई. मागच्या बाकापर्यंत ऐकू जातं.”

मी रागावले. वाटेल ते बोलले. कंट्रोल हवा म्हणून नाचलं कोण होतं? मीच.

आणखी एक गोष्ट. ती गेल्यावर कागद पुन्हा पाहिले. नवऱ्याचा कागद — चौथी आणि सातवी सोडून बाकी सगळीकडे ‘नाही’. त्याच्याइतका चोख कागद कुणाचाच नाही. म्हणजे गोठवलेल्या वायरीने त्यालाही काडीचा फरक जाणवत नव्हता! मग हा माणूस दोन वर्षं करत काय होता?

२८ फेब्रुवारी

घरात हिंडून वस्तूंची उलटतपासणी घेतली.

भिंतीवरचं घड्याळ वाजत नाही. बॅटरी गेली असणार. पोरीला विचारलं. वाजतं म्हणे.

“मायक्रोवेव्ह शेवटी बीप करतो का गं?”

“नेहमीच करतो.”

“आणि ते वॉशिंग मशीन?”

“आई.”

“बरं, बरं.”

२ मार्च

कान तपासून आले. पोरीने जबरदस्तीने नेलं.

एक पेटी असते, माणूस मावेल एवढी. आत बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. काचेपलीकडे तपासनीस, हसऱ्या चेहऱ्याची मुलगी. म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. थोडे आले, दाबले. मग बराच वेळ काहीच नाही. मी वाट बघत बसले. शेवटी काचेवर टकटक केली — “पुढचं कधी सुरू करताय?”

तिने दार उघडलं. “झालं की,” म्हणाली. हळूच म्हणाली असावी. ओठांवरून कळलं.

आलेख दाखवला. डावीकडे बरा, उजवीकडे घसरगुंडी. दोन्ही कानांची तीच तऱ्हा. खालचे आवाज येतात, वरचे जवळजवळ गेलेत. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे हवेतच विरतात, म्हणून समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. हळूहळू जातं, त्यामुळे कळत नाही. “कामाच्या जागी मोठा आवाज असतो का?”

आहे की. भिंतीपलीकडे यंत्र. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, नोकरीला लागल्यापासून. कानात बोळे घालायचा नियम आहे, आणि तो दुसऱ्यांना सांगायचं काम माझं.

म्हणजे शीतसंस्कार झाले ते माझ्यावर. तेही अस्सल. फ्रीझरमधले नव्हेत!

हा विनोद मी त्या मुलीला केला. तिला कळला नाही. पोरीला कळला, पण ती हसली नाही.

गेलेलं परत येत नाही. कानाला मशीन लावलं तर बरंच भागेल म्हणाली.

३ मार्च

विनोद पुरे. आज घाबरले.

टाकीतला नायट्रोजन कमी झाला की एक भोंगा वाजतो. भोंगा कसला, बारीक पिपाणी. तो शेवटचा कधी ऐकला ते आठवेना. टाक्यांवर माझ्या हाताखाली जी सहकारी आहे, तिला सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मॅडम, मागच्याच महिन्यात वाजला की. मी धावत येऊन टाकी भरली.”

“मी कुठे होते?”

ती अवघडली. “टेबलावरच होतात. मला वाटलं, मुद्दाम बघताय मी येते की नाही ते.”

ती आली नसती तर! सगळ्या कांड्या, ते सगळे मेलेले वळू — दुसऱ्यांदा मेले असते. माझ्यापासून दोन हातांवर, आणि मी शांतपणे चहा पीत. आणि मी नवऱ्यावर ओरडले होते की तू माझी नोकरी घालवशील.

वरिष्ठांना सांगितलं. आजच. भोंग्याला लाल दिवा जोडून घेणार आहेत, आणि यंत्राच्या भिंतीपासून माझं टेबल हलवणार आहेत. नोकरी जाणार नाही म्हणाले. दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्यांदा त्यांनी कागदावर लिहून दाखवलं.

४ मार्च

नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. पोरीला म्हटलं, मी सांगेन, तू मधे पडू नकोस.

जीभ वळत नाही. इतकी हसले त्याच्यावर, आता कुठल्या तोंडाने सांगू की त्या खोलीतला एकमेव बहिरा माणूस मी होते? बरोबर तर मीच होते! वायरीत काहीच नव्हतं. पण मी बरोबर होते ते आंधळ्याने रात्र ओळखावी तसं.

दातकाका येऊन गेले. ओशाळले होते. वर्णनांचा कागद परत मागितला, पोरीने दिला नाही, चौकट करणार म्हणाली. तेही हसले शेवटी.

नवऱ्याने शब्द पाळला. गोठवलेल्या वायरी काढल्या, फ्यूज डबीसकट दातकाकांना दिला. मला वाटलं होतं, सुटलो एकदाचा असं वाटेल त्याला. पण मघाशी दारातून पाहिलं, तर मशीनमागे गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात प्लग तपासत होता.

“आता काय शोधतोस?” विचारलं.

मान वर न करता काहीतरी बोलला. मी जवळ गेले. पुन्हा बोल म्हटलं. तसा माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाला —

“कुठेतरी काहीतरी गेलंय. मला सापडत नाही एवढंच.”

६ मार्च

सांगितलं. तो आलेखच त्याच्यापुढे ठेवला.

त्याने घसरगुंडीवरून बोट खालपर्यंत नेलं. मग पहिला प्रश्न — “म्हणजे मशीन ठीक आहे?”

हातातला कप फेकून मारणार होते. पण त्याचे डोळे भरले होते.

“अगं, दोन वर्षांपूर्वी तू या खुर्चीतून उठलीस,” तो म्हणाला. “म्हणालीस, सगळे रजईतून गातायत, बिघडलंय तुझं मशीन. पुन्हा बसायला आलीच नाहीस.”

मला आठवतसुद्धा नव्हतं.

“पण तुला तर काही बिघडलेलं जाणवत नव्हतं ना? मग?”

“मला तेव्हाही छानच ऐकू येत होतं,” म्हणाला. “पण आपल्या घरात कान तुझे चांगले.”